माळ्यावरची रिमफायर रायफल आणि घरी काडतूस भरायचा विचार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रामबागेतल्या जुन्या घराचा माळा उपसताना आजोबांच्या ट्रंकेत एक छोटी रायफल सापडली. एक काडतूस घालायचं, एक उडवायचं, अशी. नळीवर .२२ (नळीच्या भोकाचं माप, इंचात) एवढं वाचता येतंय, बाकी अक्षरं झिजली आहेत. सोबत पुठ्ठ्याच्या डबीत अठरा काडतुसं, हिरवी पडलेली. यूट्यूबवर कुणी परदेशी माणूस रिकाम्या काडतुसात मसाला भरून तेच पुन्हा उडवताना दिसतो. आपणही तसं करून मामांच्या शेतावर दोन-चार फैरी झाडून बघाव्यात का, असं तुम्ही विचारता.

नाही. काडतूस घरी भरू नका, डबीतली उडवू नका, शेताचं तर नावच काढू नका. पण रायफल रागाने किंवा भीतीने भंगारातही देऊ नका. या चारही नकारांची कारणं आता सविस्तर सांगतो.

मी फौजेत सत्तावीस वर्षं आर्मरर, म्हणजे शस्त्रं तपासणारा-दुरुस्त करणारा, होतो. शेवटची पोस्टिंग महूला, त्यानंतर इंदूरलाच घर केलं. गेली बारा-तेरा वर्षं रविवारी सकाळी रेंजवर पोरापोरींना .२२ शिकवतो, आणि कुणाच्या घरात असं काही निघालं की फोन येतो. होळकरांच्या नोकरीत चार पिढ्या काढलेली मराठी घरं इथे पुष्कळ आहेत. तलवारी, कट्यारी, ठासणीच्या बंदुका निघतात, तशा या छोट्या रायफलीही निघतात.

पहिली गोष्ट म्हणजे ती रिकामी आहे असं धरून चालू नका. माझ्या अनुभवात अशा दहा ट्रंकांमागे एखादीत तरी काडतूस आतच असतं. नळीचं तोंड भिंतीकडे, तेही विटांच्या भिंतीकडे, बोट घोड्यापासून लांब. ब्रीच, म्हणजे नळीची मागची बाजू, उघडा, टॉर्चने आत बघा आणि करंगळीचं नख चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीच्या, तोंडावर फिरवा. मोकळं असेल तर गुळगुळीत भोक लागतं. काडतूस असेल तर पितळेची कड नखाला अडते. अडली, तर सळई घालून मागे ठोकायला जाऊ नका. तशीच बाजूला ठेवा आणि परवानाधारक शस्त्रविक्रेत्याला घरी बोलवा. आणि हो, रिकामी असली तरी खटके मारत बसू नका. त्याचं कारण पुढे येईल.

आता काडतूस घरी का बनत नाही ते बघू. मोठ्या रायफलीचं काडतूस उलटं केलं की बुडाच्या मध्यभागी एक वेगळी टोपी दिसते. ती टोपी पेटते, ती दारूला पेटवते. फैर झाली की जळकी टोपी काढून नवी बसवता येते, म्हणून परवाना असलेले लोक परदेशात ती काडतुसं पुन्हा भरतात. .२२ चं काडतूस उलटं करून बघा. बूड सपाट, टोपी नाही. उडवलेलं असेल तर कडेला नखाने कोर ओढावी तशी एक खूण दिसेल. करंजीच्या कडेची मुरड डोळ्यांसमोर आणा. या काडतुसाच्या बुडाची कड तशीच बाहेर मुरडलेली असते, फक्त आतून पोकळ. त्या पोकळीत आघाताने पेटणारा मसाला बसवलेला असतो. रायफलीची पिन मध्यावर न पडता त्या मुरडीवर पडते, चेंबरच्या कडेवर तिला चिरडते, आणि मसाला पेटतो. रिम म्हणजे कड, म्हणून हिचं नाव रिमफायर. म्हणजे इथे टोपी आणि काडतूस एकच आहे. मुरड एकदा चेपली की चेपली.

कारखान्यात हे काम कसं होतं ते समजलं की घरी करायची हौस फिटते. पितळेच्या पट्टीतून वाटी, वाटीतून नळी ओढून काढतात, बुडाला दाबून मुरड बाहेर काढतात. मग मसाला ओला असतानाच, थेंबाच्या मापाने, आत टाकतात आणि काडतूस जोरात फिरवून तो मुरडीत चहूकडे सारखा पसरवतात. मग वाळवण, मग दारू, मग गोळी. मसाला ओला ठेवण्याचं कारण एवढंच, की वाळल्यावर तो घासण्याने, दाबण्याने, कधी कधी नुसत्या स्थिर विजेनेही पेटतो. कित्येक कारखाने घर्षण वाढावं म्हणून त्यात काचेची भुकटीही घालतात. यूट्यूबवरचा माणूस जे रिकाम्या मुरडीत टूथपिकने कोरडं कोंबतो, तो सगळा खेळ या एका वाक्याच्या विरुद्ध चाललेला आहे. त्याची बोटं शाबूत आहेत, कारण ज्यांची गेली ते व्हिडिओ टाकत नाहीत.

शिवाय एक बारीक गोष्ट. मुरड एकदा चेपलेली, पितळ एकदा ताणलेलं. दुसऱ्या फैरीला ते बुडाशी फाटलं तर तापलेला वायू मागे येतो, आणि मागे तुमचा डोळा असतो.

परदेशात जुन्या मोठ्या रिमफायर रायफलींसाठी, म्हणजे ज्यांची काडतुसं आता कुणीच बनवत नाही त्यांच्यासाठी, काही जाणकार वेगळी वाट काढतात. लेथवर पितळेचं जाड काडतूस कातून घेतात, त्याच्या बुडात मध्याऐवजी कडेला एक खाच ठेवतात, त्यात बांधकामाच्या खिळेबंदुकीचं छोटं ब्लँक, म्हणजे बिनगोळीचं काडतूस, बसतं, पुढे काळी दारू आणि मऊ शिशाची गोळी. पिन कडेवर पडते ती थेट ब्लँकच्या मुरडीवर. डोकं चांगलं लढवलं आहे, माझी दाद आहे. पण ते अमेरिकेत, जिथे १८९९ पूर्वीच्या बंदुकांना पुराणवस्तू म्हणून वेगळी वागणूक आहे. इंग्लंडमध्येही कालबाह्य काडतुसांची यादी आहे, पण तिथेसुद्धा नुसतं भिंतीवर ठेवायचं असेल तोवर सूट, उडवायचं म्हटलं की परवाना. आपल्याकडे काय, ते खाली सांगतो. त्या आधी तुमच्या हातात नेमकं काय आहे ते बघू, कारण '.२२' एवढ्यावरून काहीच कळत नाही.

रिमफायरची सुरुवात पॅरिसच्या फ्लोबेर नावाच्या बंदूक कारागिराने १८४५ मध्ये केली. त्याच्या काडतुसात दारू नव्हतीच. मुरडीतला मसालाच गोळी ढकलायचा, आणि श्रीमंत लोक दिवाणखान्यात निशाणेबाजी करायचे. त्यात दारू घालून स्मिथ अँड वेसनने १८५७ मध्ये रिव्हॉल्व्हरसाठी जे काडतूस आणलं ते आजचं .२२ शॉर्ट. पुढे अमेरिकन यादवी युद्धात हेन्रीची .४४ आणि स्पेन्सरची त्याहून जाड, अशा मोठ्या रिमफायर रायफली लढल्या. स्वित्झर्लंडने १८६९ मध्ये वेटर्ली ही १०.४ मिलिमीटरची रिमफायर रायफल अख्ख्या फौजेला दिली. पण मोठ्या मापात ही जात टिकली नाही, आणि कारण तुम्हाला आता कळेल. पिनेने चिरडता यावी म्हणून मुरड पातळ आणि मऊ हवी, पातळ ठेवली की जास्त दाब सोसत नाही. ताकद वाढवायची तर टोपीवालं काडतूसच हवं. म्हणून मोठ्या रिमफायर गेल्या आणि .२२ तेवढी राहिली. तीही एकच नाही. १८७१ मध्ये .२२ लाँग आलं, १८८७ मध्ये अमेरिकेच्या स्टीव्हन्स कंपनीने .२२ लाँग रायफल आणलं. आज दुकानात मिळतं ते हे शेवटचं.

आता गंमत बघा. अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीची १८९० सालची पंप रायफल, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे सरकवून भरायची, ब्राउनिंग या बंदूक-रचनाकाराच्या डोक्यातून निघालेली, जत्रेतल्या निशाणेबाजीच्या स्टॉलवर चालायची. तीच एक रायफल शॉर्ट, लाँग, लाँग रायफल आणि डब्ल्यूआरएफ (विंचेस्टर रिम फायर) अशा चार वेगवेगळ्या काडतुसांसाठी वेगवेगळी बनायची. बाहेरून सगळ्या सारख्या, आणि सगळ्यांवर .२२ लिहिलेलं. डब्ल्यूआरएफचं चेंबर सैल असतं. त्यात आजचं लाँग रायफल काडतूस बसेल, उडेलही, पण पितळ बाजूने फुगून फाटेल. उलट फ्लोबेरच्या सहा मिलिमीटर बागबंदुकीत, जिची ब्रीच जेमतेम पेन्सिलीच्या कांडीएवढ्या अडसराने बंद होते, आजचं काडतूस जोर करून कोंबलं तर तो अडसर तुमच्या गालाकडे येतो. बेल्जियमच्या लियेज शहरातल्या कारागिरांनी अशा स्वस्त बागबंदुका ढिगाने बनवल्या. नळीवर लंबगोलात 'ईएलजी' अशी तीन अक्षरं आणि छोटी चांदणी दिसली तर ती लियेजच्या चाचणीगृहाची छाप. बेल्जियमचं काम वाईट नसे, पण ही बंदूक दिवाणखान्यातल्या काडतुसाची, हे लक्षात ठेवा.

इंग्लंडमधून आलेल्या रायफलींची जात निराळी. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात आपल्या शिपायांना नेम धरता येत नाही हे इंग्रजांच्या लक्षात आलं. मग गावोगाव छोट्या रायफलींचे क्लब निघाले, लॉर्ड रॉबर्ट्स त्यांचा पुरस्कर्ता. बीएसए या बर्मिंगहॅमच्या कारखान्याने जुन्या मार्टिनी या फौजी रायफलीची रचना लहान करून .२२ च्या निशाणी रायफली काढल्या. खालचा लिव्हर ओढला की ब्रीचचा ठोकळा पुढच्या बाजूने खाली झुकतो, काडतूस बोटाने आत सारायचं, लिव्हर वर. शंभर वर्षं जुनी अशी मार्टिनी आजही पन्नास मीटरवर पोरांना लाजवते. तुमच्या पत्रात लिव्हरचा उल्लेख नाही, फक्त 'मागे कडी ओढली की उघडते' असं लिहिलंय, म्हणजे ती बोल्टची असावी. मार्टिनी असेल तर मला कळवाच, मी माझ्या स्कूटरवर येतो.

नळीवर मुकुटाखाली 'एनपी' असेल तर ती धूरविरहित दारूच्या दाबाला तपासलेली. ही खूण बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाने १९०४ पासून मारायला घेतली. फक्त काळ्या दारूच्या खुणा असतील तर आजचं काडतूस तिच्यासाठी नाही, विषय संपला. पण एक अडचण आहे, माळ्यावरच्या नळ्यांवर कुणीतरी उत्साहाने रेगमाल फिरवलेला असतो आणि नेमक्या याच खुणा गेलेल्या असतात. तुमच्या आजीने विजयादशमीला चकचकीत केली असेल तर तिला दोष देऊ नका, पण आता तुम्ही करू नका. पितळ पॉलिश, रेगमाल, चिंचेचं पाणी, काही नको.

माप घ्यायचं तर व्हर्निअर लागतं. लाँग रायफलचं रिकामं पितळ साधारण साडेपंधरा मिलिमीटर लांब, शॉर्टचं पावणेअकरा. मुरडीची रुंदी दोन्हींची सातच्या आसपास. गोळी ५.७ मिलिमीटरच्या आतबाहेर. चेंबरचा ठसा घ्यायला जुने कारागीर वितळवलेला गंधक ओतायचे. थंड झाला की कांडी बाहेर, तिच्यावर सगळी मापं. तुम्ही घरी ते करू नका, एकदा गंधक अडकून बसला की नळी गेली. शिवाय एकाच नजरेतही बरंच दिसतं. बोल्टच्या तोंडावर काडतुसाचं बूड झाकून घेणारी खोलगट वाटी आहे, की सपाट आहे? सपाट असेल तर बुडाला आधार नाही.

याच सपाट तोंडाने मला एकदा शिकवलं. नोकरीतल्याच दिवसांतली गोष्ट. एका ओळखीच्यांच्या घरातली, परवान्यावर असलेली अमेरिकन सिंगल शॉट रायफल तपासायला आली होती. सगळं घट्ट, नळी बरी. दुकानदाराने जी काडतुसं दिली ती मी वेष्टन न वाचता घेतली. निघाली जास्त वेगाची. रेंजवर दोन फैरी सरळ गेल्या. तिसरीला 'फट' असा आवाज आला, नेहमीच्या 'टक्'सारखा नव्हे, आणि गालावर गरम फुंकर. काडतुसाची मुरड एका बाजूने उघडली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. माझ्या चष्म्याच्या उजव्या काचेवर पितळेचा कीस रुतलेला होता, सुईच्या टोकाएवढा. चष्मा नंबरचा होता म्हणून घातलेला, सुरक्षेसाठी नव्हे. तेव्हापासून रेंजवर बिनचष्म्याच्या पोराला मी मॅटवर झोपू देत नाही, आणि जुन्या रायफलीला साध्या वेगाचंच काडतूस. वेष्टनावर वेग लिहिलेला असतो. सेकंदाला १,०५० ते १,०८० फूट म्हणजे साधं, १,२०० च्या वर म्हणजे जास्त. जास्त वेगाची ही काडतुसं १९३० च्या सुमारास बाजारात आली. त्याच्या आधीच्या रायफली त्यांच्यासाठी बनलेल्याच नाहीत.

खटके न मारण्याचं कारण सांगायचं राहिलं. टोपीवाल्या रायफलीत रिकामा खटका मारला तर पिन हवेत जाते. रिमफायरमध्ये चेंबर रिकामं असेल तर पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते, कारण एरवी तिथे मुरड असते. पाच-पन्नास खटक्यांत कडेला आतल्या बाजूने बारीकसा उंचवटा येतो, आणि मग काडतूस आत जात नाही किंवा गेलं तर निघत नाही. ही चूक मी रिक्रूटपणी केली आहे आणि उस्तादाच्या शिव्या खाल्ल्या आहेत. तो उंचवटा एका खास निमुळत्या टोच्याने पुन्हा बाहेर दाबून बसवता येतो, पण ते काम ज्याच्या हाताला सवय आहे त्याने करायचं.

आता ती अठरा काडतुसं. जुन्या मसाल्यात पारा आणि क्लोरेट असे. पाऱ्याने पितळ ठिसूळ होतं, क्लोरेटचं जळून मीठ होतं. हे मीठ आपल्या जेवणातल्या मिठाचं भावंड, हवेतली ओल ओढून घेतं आणि रात्रीत नळी गंजवतं. जुन्या .२२ च्या नळ्या गोळ्यांनी झिजलेल्या नसतात. त्या मिठाने खाल्लेल्या असतात. अमेरिकेत रेमिंग्टनने १९२६ पासून गंज न आणणारा मसाला विकायला काढला. तुमची डबी कोणत्या काळातली हे हिरवेपणावरून सांगता येत नाही. काही पेटतील, काही नाही, आणि काही उशिरा पेटतील, ती सगळ्यात वाईट. पिन पडली, काही झालं नाही, म्हणून तुम्ही ब्रीच उघडली आणि तेव्हा ती पेटली. रेंजवर काडतूस न पेटल्यास नळी लक्ष्याकडे तशीच धरून पूर्ण एक मिनिट थांबायचा नियम आहे तो यासाठी. ही काडतुसं फोडू नका, तेलात घालू नका, चुलीत तर नाहीच. डबी तशीच, रायफलीपासून वेगळी, कोरड्या जागी ठेवा.

आणि कायदा. शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. तुमच्या मनात 'शंभर वर्षांची आहे, म्हणजे पुराणवस्तू, परवाना कशाला' असं असणार. सगळ्यांच्या मनात असतं. कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या किंवा पुराणमूल्याच्या शस्त्राला सूट आहे खरी, पण ती जे शस्त्र दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला. .२२ लाँग रायफल आज दुकानात मिळतं. जिच्यात ते बसतं ती रायफल १८९० ची असली तरी कायद्यापुढे आजची बंदूक आहे. आणि बसत नसलं तरी 'दुरुस्त करूनही चालणार नाही' हे ठरवणारे तुम्ही-मी नव्हे. काडतुसाचे सुटे भाग आणि काडतूस बनवायची यंत्रंसुद्धा कायद्याच्या व्याख्येत दारूगोळाच आहेत. विनापरवाना बनवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. यूट्यूबवरच्या माणसाच्या देशात ते कलम नाही.

मग करायचं काय? बेकायदा होऊ लागलेलं शस्त्र विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं असं कलम २१ सांगतं. आजोबांच्या नावे जुना परवाना असेल तर तो शोधा. होळकर संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झालं, त्यामुळे कागद संस्थानी मोडी-मराठीत, मध्य भारताच्या हिंदीत किंवा नंतरच्या मध्य प्रदेशाच्या शिक्क्याचा, काहीही असू शकतो. रेशनकार्डाच्या पाकिटात, पोथीत, देव्हाऱ्यामागे बघा, माझ्या माहितीत एकाला तो ज्ञानेश्वरीत सापडला. मोडी असेल तर आपल्या मराठी मंडळींत वाचणारे अजून आहेत. वारसाने परवाना मागता येतो, आणि २०१९ नंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारशाची धरून. जमा करताना पावती घ्या, तिच्यावर रायफलीचा नंबर, नळीची लांबी आणि सगळ्या खुणा लिहून घ्या. एका ओळखीच्यांनी 'एक छोटी बंदूक' एवढीच पावती घेतली. दोन वर्षांनी परत मागायला गेले तेव्हा कुठली छोटी बंदूक, यावरच सहा महिने गेले. आधी वकिलाशी बोला आणि त्याच्यासोबतच जा, हा माझा सल्ला. रायफल पिशवीत घालून बसने ठाण्यात नेऊ नका. फोन करा, त्यांना येऊ द्या. आणि शंभर वर्षांपुढची वस्तू परदेशी नेता किंवा परदेशात विकता येत नाही, तो १९७२ चा वेगळा कायदा आहे. मुलगा अमेरिकेत आहे म्हणालात म्हणून आठवण केली.

तोपर्यंतची काळजी, म्हणजे विक्रेत्याकडे किंवा परवाना आल्यावर घरी. लोखंडावर रॉकेलने ओला केलेला मऊ फडका. गंजाचा पापुद्रा असेल तर तांब्याच्या नाण्याची कड, पोलादाची नको. मग यंत्रतेलाचा हात, पुसून काढलेला. दस्ता अक्रोडाचा असेल तर कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन थेंब तळहातावर घेऊन गरम होईपर्यंत चोळायचे, आठवडा सोडून पुन्हा. लोखंडाला यंत्रतेल जास्त दिलं की ते खटक्याजवळच्या लाकडात झिरपतं आणि लाकूड सडतं. म्हणून ठेवायची झाल्यास नळीचं तोंड खाली. कातड्याच्या पेटीत ठेवू नका, कितीही सुंदर असली तरी. कातडं ओल धरतं आणि कमावण्याचं आम्ल सोडतं. इंदूरचा पावसाळा मुंबईइतका नाही, पण जुलैत कातड्याच्या पेटीतून काढलेली नळी मी पाहिली आहे, वरून काळी, खालून तपकिरी.

नळी आतून साफ करायला फौजेत फुलथ्रू असतो, दोरीला एका टोकाला पितळेचं वजन आणि दुसऱ्या टोकाला चिंदी. मागून पुढे ओढायचा, पुढून मागे कधी नाही. नळीचं तोंड झिजलं की नेम गेला. पहिली चिंदी तेलाची, मग कोरड्या, शेवटची जशी आत गेली तशी बाहेर येईपर्यंत. मग नळी उजेडाला धरून आत बघा. वळणदार धारा चकचकीत दिसल्या तर तुम्ही नशीबवान. काळे खड्डे दिसले तर ते मिठाचे. खड्ड्यांच्या नळीतून गोळी जाते, पण शिसं भरत जातं आणि नेम पसरतो. त्यावर परदेशात नवं अस्तर घालतात. इथे ते काम करणारा मला अजून भेटलेला नाही.

समजा सगळं जमलं. परवाना आला, रायफल लाँग रायफलची निघाली, ब्रीच घट्ट, एनपीची खूण. तर ती उडवायची जागा रेंज, दुसरी नाही. .२२ ला लोक खेळणं समजतात. ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची ती गोळी चढी सुटली तर दीड किलोमीटरच्या पुढे जाते. मामांच्या शेताची हद्द तेवढी असेल असं वाटत नाही, आणि असली तरी पलीकडे सोयाबीन निंदणाऱ्या बायका असतात. पहिल्या पाच फैरी हातात धरून नाही. वाळूच्या पिशव्यांवर बांधून, लांब दोरीने खटका ओढून, आपण आडोशाला. प्रत्येक काडतूस काढून मुरड बघायची. फुगलेली, फाटलेली, पिनेची खूण भोकशी पडलेली असेल तर तिथेच थांबायचं. ठीक असेल तर पंचवीस यार्डांवर या. एनसीसीत असाल तर हे अंतर आणि तो .२२ चा धक्का तुम्हाला आठवेलच.

आणि काडतुसं खिशात सुटी टाकू नका. .२२ ची गोळी पितळेच्या बाहेर उघडी असते, पितळेइतक्याच जाडीची, आणि तिला बाहेरूनच मेण लावलेलं असतं. माळव्याची मातीची धूळ त्या मेणाला चिकटली की तीच नळीतून घासत जाते. मे महिन्यात गाडीच्या डिकीत डबी ठेवली तर मेण वितळून बुडाशी उतरतं. आमच्या रेंजवर एक पोरगी काडतुसं लाकडाच्या ठोकळ्यातल्या भोकांत उभी लावून आणते, तिच्या वडिलांनी ड्रिलने पाडून दिलेला ठोकळा. गेल्या हिवाळ्यात तिने पन्नास मीटरवर मार्टिनीने दहापैकी आठ गोळ्या दहाच्या वर्तुळात घातल्या. ते वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. संपल्यावर साबणाने हात धुऊन मगच पोहे, कारण शिसं हाताला लागतं आणि जिभेला कळत नाही.

रविवारी वेळ असेल तर बीएसएफच्या इंदूरमधल्या शस्त्रशाळेचं संग्रहालय बघायला मिळतं का ते विचारा. जुन्या जाती एकाच ठिकाणी बघितल्या की माळ्यावरची तुमची कुठल्या घराण्यातली ते लवकर कळतं.

मला पुढचं पत्र लिहाल तेव्हा फोटो पाठवा. ब्रीच उघडून बोल्टच्या तोंडाचा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. नळीवरच्या खुणांचा, ओलं कापड फिरवून, तिरक्या उजेडात. आणि डबीच्या झाकणाचा, काडतुसं बाहेर न काढता. नंबर दिसत असेल तर तो फोटोत झाका, तो मला नको, ठाण्याच्या पावतीवर हवा.